ट्रॅकवर तापणारी मसल कार: ५०० हॉर्सपॉवर मुंबईत बांधायची आणि थंड ठेवायची कशी

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तिसऱ्याच लॅपला पाण्याचा काटा ११४ अंशांवर गेला आणि मित्राने गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात घेतली. १९६९ची शेवरोले कॅमेरो, म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार. आत ३५० क्युबिक इंचांच्या ब्लॉकवर बांधलेलं ३८३ क्युबिक इंचांचं इंजिन. रेडिएटर नवाकोरा, ॲल्युमिनियमचा, ग्रिलमागे मावेल तेवढा मोठा. दोन इलेक्ट्रिक फॅन पूर्ण वेगाने फिरत होते. मुंबईत आम्ही हीच गाडी सायन ते चेंबूर ट्रॅफिकमध्ये नेली होती, तेव्हा काटा ८८च्या वर सरकला नव्हता. ट्रॅकवर मात्र सात मिनिटांत खेळ आटोपला.

त्यानंतरचं जवळजवळ वर्षभर आम्ही त्या गाडीतली उष्णता कुठून येते आणि कुठे अडते, याच्या मागे लागलो होतो. ज्यांच्या गॅरेजमध्ये मस्टँग, कॅमेरो किंवा डॉज उभी आहे आणि जिला एकदा तरी ट्रॅकवर सोडायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी ते सगळं क्रमाने लिहितो.

पाना हातात घेण्याआधी

पहिला निर्णय कागदाचा आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले, त्यात ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्याच कामांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे ‘व्हीए’ नंबर हवा असेल तर बोनेट कापायचा विचार सोडा. ट्रॅकसाठीच बांधायची असेल तर ती ट्रॅकचीच गाडी समजा आणि फ्लॅटबेडवरून न्या. दोन्ही साधायला जाल तर ना धड इकडचे, ना तिकडचे अशी गत होईल. काहीही ठरवा, मूळ बोनेट आणि मूळ इंजिन विकू नका. तेल लावून, गुंडाळून ठेवा.

आधी हिशेब

बहुतेक जण इथे अंदाजाने जातात आणि तिथेच फसतात. ५०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३७० किलोवॅट. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून उडून जातो आणि उरलेला पाणी, ऑइल आणि इंजिनच्या धातूत उतरतो. पूर्ण थ्रॉटलला २५० किलोवॅटच्या आसपास उष्णता पाण्यात येते असं धरून चला. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे बोनेटखाली सव्वाशे गीझर एकदम चालू.

ट्रॅकवर आपण सतत पूर्ण थ्रॉटलवर नसतो. ब्रेकिंग आणि वळणं धरून सरासरी साठ टक्के पकडा, तरी १५० किलोवॅट होतात. एवढी उष्णता उचलायची आणि रेडिएटरमध्ये जाताना व बाहेर येताना पाण्याच्या तापमानात ८ अंशांचा फरक ठेवायचा, तर मिनिटाला साधारण २७० लिटर पाणी फिरावं लागतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी चार मिनिटांच्या आत रिकामी होईल इतका हा प्रवाह आहे. चांगला रेस पंप एवढं पाणी देतो, त्यामुळे पाण्याची बाजू सहसा जमून जाते.

आता हवा बघा. तेच १५० किलोवॅट हवेने न्यायचे आणि हवा ४० अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला जवळजवळ सव्वातीन घनमीटर हवा रेडिएटरच्या जाळीतून जायला हवी. दोघांचं मिळून ३००० सीएफएम (मिनिटाला घनफूट) असं लेबल असलेले दोन फॅन सेकंदाला जेमतेम १.४ घनमीटर देतात, तेही समोर काही अडथळा नसेल तर. निम्म्याहून कमी! आमची गाडी सायनला थंड राहायची आणि इरुंगट्टुकोट्टईला तापायची, त्याचं सगळं उत्तर या एका आकड्यात होतं. फॅन सिग्नलसाठी आणि पिटसाठी असतो. ट्रॅकवर गाडी थंड ठेवते ती वेगाने आत येणारी आणि तितक्याच सहज बाहेर पडणारी हवा.

इंजिन: उष्णता कमीच तयार होऊ द्या

ब्लॉक निवडताना बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, शक्य तितका लहान ठेवा. ३५०चा ब्लॉक ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, वाढवून त्यात ४०० इंजिनचा ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली धावेचा) क्रँक बसवला की ३८३ होतं. ही जोडणी हजारो वेळा सिद्ध झालेली आहे. ०.०६०पर्यंत बोअर न्यायचा मोह होतो, पण पन्नास-पंचावन्न वर्षं गंजलेल्या ब्लॉकच्या भिंती तिथे पातळ होतात आणि गाडी कायमची तापट बनते. बोअरिंगवाल्याकडे देण्याआधी अल्ट्रासोनिक मीटरने भिंतींची जाडी मोजून घ्या.

त्याच वेळी ब्लॉकचे सगळे वेल्श प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटांवरची धातूची झाकणं, काढा. आमच्या ब्लॉकच्या मागच्या दोन सिलिंडरांभोवती तळाला चिखलासारखा गंज घट्ट बसलेला होता. नुसतं पाणी मारून तो हलला नाही. स्क्रूड्रायव्हरने आणि वाकवलेल्या तारेने खरवडून काढला, तेव्हा वर्तमानपत्रावर दोन मुठींचा ढीग झाला. तो तसाच ठेवून बाहेर कितीही महागडा रेडिएटर लावला असता, तरी त्या दोन सिलिंडरांना पाणी मिळालंच नसतं.

दोन बारीक पण घातक गोष्टी. शेवरोलेचा मूळ ४००चा ब्लॉक वापरत असाल, तर त्याचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात आणि वाफ निघायला डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाटीवर, बारीक भोकं असतात. वर बसणाऱ्या हेडमध्ये ती भोकं पाडून घ्यावी लागतात, नाहीतर तिथे वाफ कोंडते. आणि फोर्ड ३०२ किंवा ३५१ विंडसर असेल, तर हेड गॅस्केटवर ‘फ्रंट’ असं लिहिलेलं असतं. ती बाजू दोन्हीकडे पुढेच हवी. उलटी बसली की मागचे पाण्याचे मार्ग बंद होतात, आणि माणूस सहा महिने रेडिएटर बदलत बसतो.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबायचं ते) ठरवताना अमेरिकन पुस्तकांतले ऑक्टेनचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. तिकडच्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो. आपल्याकडचं ९५ म्हणजे त्यांचं साधारण ९० ते ९१. लोखंडी हेड असेल तर साडेनऊच्या आत राहा. ॲल्युमिनियमच्या हेडला दहाच्या आसपास चालतं. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० मुंबईतल्या काही पंपांवर मिळतं. ट्रॅकसाठी तेच वापरा, पण गाडी त्याच्याशिवाय चालूच शकणार नाही अशी बांधू नका.

आता इथेनॉल. साध्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं. १९६९च्या कार्ब्युरेटरला हे कळण्याचा काही मार्ग नाही. जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) इंजिन लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं आणि पूर्ण थ्रॉटलला लीन चाललेलं इंजिन आतून तापतं, नॉक करतं (मिश्रण अवेळी पेटून ठोकतं), पिस्टन खातं. एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर बसवा आणि तो लॅम्डामध्ये वाचा, म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते. हवा-पेट्रोलचं जुनं गुणोत्तर इथेनॉलमुळे बदलतं, लॅम्डा बदलत नाही. पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८ येईपर्यंत जेट वाढवत जा. जुने रबरी पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉलला चालणारे घ्या. आगीचं कारण तिथे असतं.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे राहिलं तरी उष्णता वाढते, कारण जळण उशिरा होऊन ती एक्झॉस्ट पोर्टच्या भिंतींत शिरते. जुन्या पद्धतीच्या हेडला एकूण ३४ ते ३६ अंश हा नेहमीचा पल्ला. टायमिंग लाइट लावून मोजा, कानावर सोडू नका.

पाणी

मुंबईत बर्फ पडत नाही, त्यामुळे निम्मं ग्लायकॉल घालायचं कारणच नाही. पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉलचं मिश्रण वाहून नेत नाही, आणि ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्याची गाडी त्यावरून घसरते. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक ॲडिटिव्ह एवढंच पुरतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी चुकूनही नको. त्यातल्या क्षारांचा थर ॲल्युमिनियमच्या नळ्यांत बसतो.

साधं पाणी १०० अंशांवर उकळतं, मग चालेल कसं? दाबामुळे. १६ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) कॅपने उकळबिंदू सुमारे २२ अंशांनी वर जातो. रेडिएटर आणि होज सहन करणार असतील तर २० ते २२चं कॅप घ्या. एक्स्पान्शन टाकी संपूर्ण यंत्रणेत सगळ्यात उंचावर हवी, म्हणजे हवेचे बुडबुडे आपोआप तिथे गोळा होतात. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला आणि हळूहळू भरा.

थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत अडवणारी झडप) काढून टाकला की गाडी थंड राहते, असं अजूनही ऐकू येतं. पाणी फार जोरात गेलं तर थंड व्हायला वेळ मिळत नाही, हेही. दुसरं साफ चूक आहे. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच निघते. पण थर्मोस्टॅट काही न बसवता काढला की ब्लॉकमधला दाब घटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती पाणी जागच्या जागी उकळू लागतं. म्हणून ८२ अंशांचा जास्त प्रवाहाचा थर्मोस्टॅट ठेवा, किंवा त्या जागी भोकाची चकती लावा.

खालच्या होजमध्ये आत स्प्रिंग हवीच, कारण वरच्या आरपीएमला पंप तो होज शोषून चपटा करतो. आणि जुने व्ही-बेल्ट काढून एकच रुंद सर्पेंटाइन बेल्ट लावत असाल, तर पंपाची फिरण्याची दिशा तपासा. बऱ्याच किटमध्ये बेल्टची पाठ पंप फिरवते, म्हणजे पंप उलटा फिरतो. त्याला उलट्या दिशेचाच पंप लागतो.

हवा

आम्ही हरलो ते इथे, आणि सुधारलो तेही इथेच.

परळला एक रेडिएटरवाले काका आहेत. चाळीस वर्षं तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळले. त्यांना आम्ही गाडी दाखवली. त्यांनी रेडिएटरला हातही लावला नाही. बोनेटखाली वाकून बघितलं आणि मित्राला म्हणाले, “बाळा, चाळीतल्या खोलीला एकच खिडकी असली तर वारा येतो का रे? समोर दुसरी खिडकी लागते. तुझ्या हवेला बाहेर जायला दार कुठाय?”

त्यांनीच एक परीक्षा सांगितली, ती तुम्हीही करा. रात्री गॅरेजचे सगळे दिवे बंद करा. एकाने बोनेटखाली बॅटरी धरून रेडिएटरच्या मागून उजेड टाकायचा, दुसऱ्याने ग्रिलसमोर बसून बघायचं. जाळीतून उजेड यायलाच हवा. पण आमच्या गाडीत तो रेडिएटरच्या दोन्ही कडांनी, वरच्या पट्टीखालून, हेडलाइटच्या मागून, सगळीकडून फाकत होता. हवाही तेच करते. जाळीतून घुसायला जोर लागतो, म्हणून ती बाजूने निसटते. साठच्या दशकातल्या या गाड्यांत तिथे हात जाईल एवढ्या फटी असतात.

काम असं करा. गुलालवाडीतून १ मिलिमीटरची ॲल्युमिनियम शीट आणा. आधी पुठ्ठ्यावर कापून बघा, मग शीट कापा. ग्रिलपासून रेडिएटरच्या चौकटीपर्यंत दोन्ही बाजू, वर आणि खाली अशी एक पेटीच तयार झाली पाहिजे. शीट जिथे जिथे टेकते तिथे स्पंजी रबराची पट्टी चिकटवा. नागदेवीला तऱ्हेतऱ्हेच्या जाडीची मिळते. समोरची हवा घेण्याची जागा रेडिएटरच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुरते, आणि पेटी पुढून मागे हळूहळू रुंद व्हायला हवी, म्हणजे हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो. मग पुन्हा दिवे बंद करून बॅटरी लावा. नुसत्या जाळीतून उजेड येईपर्यंत फटी बुजवत राहा. आम्हाला चार रात्री लागल्या.

आता बाहेरचं दार. बोनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून मागची कड उचलतात, गरम हवा निघून जाईल म्हणून. ट्राफिकमध्ये ती निघते. पण वेगात असताना विंडशील्डच्या पायथ्याशी हवा दाबली जाते, तिथला दाब जास्त असतो. १९६९च्या कॅमेरोचा काउल इंडक्शन बोनेट कार्ब्युरेटरसाठी हवा तिथूनच आत घेतो, ते याच कारणाने! म्हणजे ज्या फटीतून हवा बाहेर जावी असं तुम्हाला वाटतं, तिथून ती आत शिरते. हवा बाहेर काढायची ती बोनेटच्या पुढच्या एक तृतीयांश भागातून, रेडिएटरच्या लगेच मागे. तिथे दाब कमी असतो.

खात्री करायची असेल तर लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे दर चार इंचांवर चिकटपट्टीने बोनेटवर लावा आणि ट्रॅकच्या सरळ भागात दुसऱ्या गाडीतून त्यांचा व्हिडिओ घ्या. आमच्या बोनेटवर पुढचे धागे सपाट मागे पडलेले होते, आणि विंडशील्डजवळचे गोल गोल फिरत होते, काही तर पुढे तोंड करून. तो व्हिडिओ बघितल्यावर कुठे कापायचं याबद्दल वाद उरला नाही. दुसरा, फायबरचा बोनेट घेऊन त्याला झडपा पाडल्या, प्रत्येक झडपेच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी उभी केली. बाहेर पडायची एकूण जागा आत येण्याच्या जागेपेक्षा मोठी ठेवा, कारण तापलेली हवा फुगते. बंपरखाली हवा अडवणारी पट्टी लावली की गाडीखालचा दाब उतरतो आणि खालूनही हवा ओढली जाते.

फॅनचा श्राउड, म्हणजे भोवतीचं कवच, पूर्ण बंद असेल तर वेगात तोच आडवा येतो. त्याला रबराच्या झडपा द्या. गाडी उभी असताना त्या मिटतात आणि वेगात वाऱ्याने उघडतात.

एवढं केल्यावर त्याच रेडिएटरने, त्याच पंपाने काटा ९६ ते ९८ला थांबला.

तुमच्या गाडीत दोष पाण्याचा आहे की हवेचा, हे ओळखायची सोपी रीत आहे. पिटमध्ये येताक्षणी इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीचं तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खोटं बोलतं, म्हणून आधीच दोन्हीकडे काळी चिकटपट्टी लावून ठेवा. पाणी तापलेलं आहे आणि फरक फक्त तीन-चार अंशांचा, तर हवा कमी पडतेय. फरक पंधराच्या वर असेल तर पाणी नीट फिरत नाही.

ऑइल

पाणी ताब्यात आलं की लोक खूश होतात आणि बेअरिंग जातं. ट्रॅकवर ऑइल १०० ते १२० अंशांत हवं. १३०च्या वर गेलं तर लॅप सोडून आत या. ऑइल कूलर थर्मोस्टॅटच्या प्लेटसह लावा, म्हणजे थंड ऑइल तिकडे जाणार नाही. कूलरला स्वतःची हवा द्या. तो रेडिएटरच्या पुढे टांगला तर आधीच तापलेली हवा रेडिएटरला मिळते.

त्याहून महत्त्वाचा संप, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. मूळ संप सरळ रस्त्यासाठी केलेला आहे. लांब वळणात ऑइल एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो. आत पडदे आणि एकाच दिशेने उघडणारी दारं असलेला मोठा संप बसवा आणि ऑइल प्रेशरला मोठा लाल दिवा जोडा. वळणात काट्याकडे बघायला कुणालाच सवड नसते. कॅमशाफ्ट सपाट टॅपेटचा असेल तर भरपूर झिंक असलेलं २०डब्ल्यू-५० घ्या. आजच्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते पुरेसं नसतं.

ब्रेक

हे कूलिंगमध्ये कुणी धरत नाही, पण धरायला हवं. १६०० किलोची गाडी २०० वरून ८० किलोमीटरवर चार सेकंदांत आणली, तर ब्रेकमध्ये साधारण ५०० किलोवॅटच्या दराने उष्णता उतरते. ती चार सेकंद ब्रेक इंजिनपेक्षाही मोठी भट्टी असतात. ड्रम असतील तर ट्रॅकवर जाऊच नका. डिस्कसाठी पुढून तीन इंची नळी आणा आणि तिचं तोंड डिस्कच्या मधोमध, आतल्या बाजूला ठेवा. हवा मधून आत शिरून कडेने बाहेर पडायला हवी.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा. डॉट-४चा उकळबिंदू किमान २३० अंश असायला हवा, ओल शोषल्यावर तो १५५पर्यंत उतरतो. उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी सीलबंद बाटलीतलं नवं भरा. उघडी राहिलेली बाटली फेकून द्या.

उरलेलं

हेडरला, म्हणजे इंजिनमधून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपांना, कापडी पट्टी गुंडाळू नका. ती दमट खारी हवा धरून ठेवते आणि पाइप बाहेरून खाते. सिरॅमिक कोटिंग करून घ्या. पेट्रोलला परतीची नळी द्या, म्हणजे ते फिरत राहतं आणि नळीत वाफ धरत नाही. फॅनला रिले आणि जाड वायर, ऑल्टर्नेटर किमान १०० अँपिअरचा. लोहार चाळीत वायर घेताना तांबं बघून घ्या. फायरवॉलला आतून उष्णतारोधक थर लावा, कारण चालकाचे पाय भाजले की त्याचं लक्ष पेडलवरून उडतं.

ट्रॅकवरचा पहिला दिवस

पहिल्या फेरीत तीनच लॅप, ४५०० आरपीएमच्या आत. आत या, नळ्यांचं तापमान घ्या, गळती बघा, ऑइलची पातळी बघा. मग पाच लॅप. पूर्ण जोर दुपारनंतर. शेजारच्याला जोडीदार बनवून हे आकडे लिहायला बसवा. चालवणाऱ्याला ते लक्षात राहत नाहीत.

प्रत्येक फेरीचा शेवटचा लॅप वरच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने, ब्रेक जवळजवळ न लावता. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, चाकाला ठोकळा लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटतं. इंजिन दोन मिनिटं चालू द्या, मग बंद करा आणि फॅन चालू ठेवा. बोनेट उघडा. रेडिएटरच्या कॅपला अर्धा तास तरी हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

आमच्या वहीतली ताजी नोंद: हवा ३३, पाणी ९६, ऑइल ११८, वरची-खालची नळी फरक ८, लॅप सात.